दोघांनी उचलायचं असतं

"अहो, उघड्या हातांनी सोलू नका... खाजतील!"

अक्षया ओरडली ती चक्क मराठीत. घाईत दुसरी भाषा सुचलीच नाही. समोरचा माणूस तिच्याकडे पाठ करून, उकिडवा बसून, अळकुड्यांचा ढीग सोलत होता. तो जपानी असेल, चिनी असेल, कोणीही असेल; त्याला काय कळणार, हे तिच्या लक्षात आलं तोवर वाक्य तोंडातून निसटलं होतं.

"केव्हाचेच खाजतायत," तो मान न वळवता मराठीतच म्हणाला. "पण तुम्ही थोडं आधी का नाही आलात?"

जपानात मराठी माणूस भेटणं म्हणजे काही देव भेटणं नव्हे. तिकडे टोकियोजवळ इचिकावात म्हणे गणपतीत मोदकांना रांग लागते. पण सेंदाई उत्तरेला, थंडीची, अभ्यासाची जागा. जुनं विद्यापीठ, त्याच्या मागे टेकडी, टेकडीवर पडक्या गडाच्या भिंती, आणि कॅम्पसच्या वाटेवर 'अस्वलापासून सावध राहा' अशी पाटी. ठाण्याहून समुद्रकिनाऱ्यांच्या बांधबंदिस्तीचं शिकायला येऊन अक्षयाला पंधरवडाच झाला होता. अस्वलाचं आईला सांगून तिने चूक केली होती. आई रोज फोनवर आधी अस्वलाची चौकशी करायची, मग जेवणाची.

आज विद्यापीठाच्या मंडळाने नव्या मुलांना हिरोसे नदीच्या काठावर आणलं होतं. शरद ऋतूत इथले लोक नदीकाठी चुली मांडतात आणि मोठ्या पातेल्यांत अळकुड्यांचा रस्सा शिजवतात. घरचे, ऑफिसचे, कॉलेजचे, सगळे. रिमझिम पाऊस होता, म्हणून चुली पुलाखाली होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते.

"मी ऋषी," तो उठत म्हणाला. उंच, सडपातळ, डोळ्यांखाली काळं. "मूळचा नाशिकचा. हे छोटं पातेलं बिनडुकराचं आहे. आपल्यासारख्या पापभीरूंचं."

"अक्षया. यात आंबट काय घातलंय?"

"मिसो आहे. आंबवलेलं सोयाबीन."

"मिसोने खाज जाते होय?" तिने पिशवीतून पुडी काढली. आईने बांधून दिलेली आमसुलं. तीन-चार रश्शात टाकली आणि दोन त्याच्या तळहातावर ठेवली. "चोळा."

त्याने निमूटपणे चोळली. मग हात बघत म्हणाला, "पुडी घेऊन फिरता तुम्ही?"

"तुम्ही नाही फिरत? मग मराठी कसले!"

तो हसला. हसताना मध्येच थांबला, कोणी दटावल्यावर थांबावं तसा. अक्षयाला ते विचित्र वाटलं, आणि ते तिच्या लक्षातही राहिलं.

परतताना पाऊस वाढला. सगळ्यांनी सायकली काढल्या. या गावात विद्यार्थी म्हटलं की सायकल आलीच. ऋषी मात्र छत्री उघडून चालायला लागला.

"तुमची सायकल?"

"चालवत नाही मी."

"येत नाही?" तिने डोळे मिचकावले. "सांगा की. अळी मिळी गुपचिळी. कोणाला सांगणार नाही."

"येते," तो म्हणाला. आणि छत्री पुढे झुकवून चढ चढू लागला.

*

ऋषी राहायचा तो एका जुन्या घराच्या वरच्या खोलीत. खाली घरमालकीण, कान्नो-सान. सत्तरी उलटलेली, बुटकी, ताठ. तो तिला ओबासान म्हणायचा, आजी. धातुशास्त्रातली पीएचडी हातात पडल्यावर त्याला दोन ठिकाणी चांगल्या नोकऱ्या चालून आल्या होत्या. त्या सोडून तो इथल्याच प्रयोगशाळेत वर्षावर्षाच्या करारावर राहिला होता. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "हवा मानवते."

आमसुलाच्या रश्शाची गोष्ट ओबासानच्या कानावर गेली आणि डिसेंबरात अक्षयाला जेवायला बोलावणं आलं. एव्हाना 'अहो'चं 'अरे' झालं होतं. ग्रंथालयातल्या शेजारच्या खुर्च्या, बसस्टॉपवरची डब्यातली गरम कॉफी, "तुझं जपानी म्हणजे विमानतळावरची घोषणा आहे" असली चिडवाचिडवी. प्रेम असंच शिरतं घरात. कडी वाजवत नाही.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. दोघं एका बुटक्या टेबलाशी बसली होती. टेबलाखाली शेगडी, वरून रजई, पाय उबेत. ओबासान कमळकाकडीची भजी तळून आणत होती. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात एका म्हाताऱ्याचा फोटो होता, टोपी घातलेला, मिश्कील. समोर भाताची वाटी.

"शेवटचं भजं," ऋषी म्हणाला. "घे."

"तू घे. बारीक झालायस."

"बघ हं... नंतर मागशील."

त्याने भजं जेवायच्या काड्यांत धरून तिच्यापुढे केलं. तिने ताटली पुढे करायच्या ऐवजी आपल्याच काड्या पुढे केल्या आणि त्याच्या काड्यांतलं भजं पकडलं. क्षणभर ते दोघांच्या काड्यांत अधांतरी राहिलं. ऋषी सोडेना, अक्षया सोडेना. तिने वर पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता, अगदी सरळ. यावेळी त्याचं हसू मध्येच थांबलं नव्हतं.

फाट्‌कन त्यांच्या मनगटांवर हात बसला.

भजं रजईवर पडलं. ओबासान उभी होती. चेहरा पांढराफटक. तिने भजं उचललं, रुमालाने रजईवरचा तेलाचा डाग पुसला, पुसतच राहिली. मग आत गेली ती बाहेर आलीच नाही.

ऋषी अक्षयाला बसपर्यंत सोडायला आला. दिव्याखाली बर्फ पडत होता.

"काय चुकलं रे माझं?"

"माझं चुकलं. तुला माहीत नव्हतं, मला होतं." तो खाली बघत बोलत होता. "इथे एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत एकच गोष्ट घेतात. दहनानंतर... अस्थी. आपण सावडतो ना, तशा. दोघांनी दोन बाजूंनी काड्यांनी धरून उचलायच्या, मडक्यात ठेवायच्या. जेवताना तसं करणं म्हणजे..."

"अरे देवा."

"आणि ओजिसान... तिचा नवरा. फोटोतला. त्सुनामीत गेला. सापडलाच नाही. तिला उचलायला काही मिळालंच नाही, अक्षया."

तिला तिथेच रडू आलं. त्याने हात पुढे केला, तिच्या खांद्यापर्यंत आणला आणि मागे घेतला. बस आली. खिडकीतून ती बघत होती. चार वर्षं या देशात राहून ज्याला ही रीत पाठ होती, तोच आज भान विसरला होता. का विसरला, हे तिला कळत होतं. आणि इतक्या वाईट संध्याकाळीही ते कळणं तिला गोड वाटलं, याची लाज वाटली.

*

त्सुनामी पावणेदोन वर्षांपूर्वी, अकरा मार्चला आली होती, म्हणून दर महिन्याच्या अकरा तारखेला ऋषी समुद्रावर जायचा. पोलीस, स्वयंसेवक, बेपत्ता माणसांचे नातेवाईक रांगेत उभे राहून हातात पंजे घेऊन वाळू उकरायचे. जानेवारीत अक्षयाही गेली. ओबासानने तिला बघितलं, स्वतःचे लोकरी हातमोजे काढून तिच्या हातात दिले आणि पुढे चालू लागली. भज्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

किनाऱ्यावर घरं नव्हती. घरांचे पाये होते. गवतात उंबरठे, न्हाणीघराच्या निळ्या फरशा. कुठून आत जायचं ते कळत होतं, पण आत काही नव्हतं. वारा सुईसारखा टोचत होता. वर्गात अक्षया लाटांची उंची शिकत होती, भिंतींचे उतार शिकत होती. इथे पंज्याला एक लहान मुलाचा चमचा लागला आणि तिच्या डोक्यातली सगळी गणितं बंद पडली.

चहाच्या सुट्टीत ती ऋषीजवळ जाऊन बसली.

"तू का येतोस? नातेवाईक नाहीस तू."

तो बराच वेळ कप हातात फिरवत राहिला.

"तू सायकलचं विचारलं होतंस," तो म्हणाला. "माझ्याकडे सायकल नव्हती. इकडे किनाऱ्यावर ओजिसानचा एक मित्र जुन्या सायकली दुरुस्त करून द्यायचा. ओजिसान म्हणाला होता, आणतो तुझ्यासाठी. त्सुनामी आली त्या शुक्रवारी सकाळी... सकाळी बूट घालताना मी हसत हसत विचारलं, काय ओजिसान, माझी सायकल कधी? बस, एवढंच. आणि दुपारी तो सायकल आणायला इकडे आला."

समुद्र शांत होता. अक्षयाला त्याचा राग आला, समुद्राचा.

"ओबासानला ठाऊक आहे?"

"तिच्यासमोरच विचारलं होतं. ती त्यावर कधीच काही बोलली नाही. एक शब्द नाही. माझं ताट मात्र रोज वाढते."

अक्षयाने त्याच्या थंडगार हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही. पण त्याच्या हाताने तिचा हात धरलाही नाही.

*

पुढचं दीड वर्ष त्यांचं असंच गेलं. चेरी फुलली, झडली, पुन्हा फुलली. जमिनीला अधूनमधून हादरे बसायचे, भूकंपाच्या इशाऱ्याने फोन किंचाळायचे, माणसं टेबलाखाली जायची आणि बाहेर येऊन अर्धं वाक्य पुरं करायची. सवय कशाचीही होते. फक्त 'मित्र आहोत' म्हणण्याची सवय अक्षयाला होईना.

ठाण्याहून आई स्थळं सांगायची. "मुलगा पुण्यात आहे, फ्लॅट आहे, उंची तुला शोभेल..."

"आई, इथे अस्वल आलंय, ठेवते," असं म्हणून अक्षया फोन ठेवायची.

जूनमध्ये तिला ओसाकाच्या एका कंपनीत नोकरी मिळाली, ऑक्टोबरपासून. त्या संध्याकाळी ती ऋषीला गडावर घेऊन गेली. तिथून सगळं शहर दिसतं आणि शहरापलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, समुद्राची एक करडी रेघ. पावसाळी हवेतही ती रेघ आज दिसत होती.

"पेढे नाहीत, इथला गोड मेलनपाव आणलाय," ती म्हणाली. "ओसाका! दोसा मिळतो म्हणे तिथे."

"अभिनंदन. शेवटी बिनडुकराचं जेवण मिळणार तुला."

"ऋषी..." तिने श्वास घेतला. "तूही चल ना. तिकडेही प्रयोगशाळा आहेत. मला... मला तू आवडतोस. आता आणखी कसं सांगू? आमसूल देऊन दोन वर्षं होत आली."

पाऊस सुरू झाला. छत्री एकच होती. त्याने ती पूर्ण तिच्यावर धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. पण अक्षया, मला बरं वाटायला लागलं ना, की ती सकाळ आठवते. बूट घालताना मी हसत होतो. तो अजून तिकडे कुठेतरी पडलाय, आणि मी ओसाकात दोसा खाऊ? तुझ्याबरोबर संसार थाटू? नाही जमणार मला."

"आणि तो कधीच नाही सापडला तर?"

तो समुद्राकडे वळला. त्या रेघेकडे पाहत राहिला.

"म्हणजे मी एका मेलेल्या माणसाशी भांडायचं," अक्षया म्हणाली. बोलल्या क्षणी तिला स्वतःची शिसारी आली. छत्री त्याच्या हातात तशीच ठेवून ती गड उतरली, नखशिखान्त भिजत. आठवडाभर तापाने फणफणली. तो दाराशी पेज ठेवून गेला, बेल न वाजवता. त्यानंतर दोघं भेटले नाहीत.

*

ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला.

"सापडला," तो म्हणाला.

किनाऱ्याजवळच्या कालव्याचा गाळ काढताना मांडीचं एक हाड मिळालं होतं. डीएनए तपासणी झाली, ओबासानने जपलेल्या त्याच्या कंगव्यातल्या केसांशी जुळलं. एकच हाड. साडेतीन वर्षांनी ओजिसान घरी आला तो इतकाच.

"ओबासान म्हणाली, तुलाही बोलवायचं. येशील?"

"हे काय विचारणं झालं?"

दहनभूमीत तिघंच होती. ओबासानला मूलबाळ नव्हतं. काळ्या किमोनोत ती आणखी बुटकी दिसत होती. एका हाडाला कितीसा वेळ लागणार? दार उघडलं, पोलादी ताटलीवर पांढरे तुकडे होते. मोजकेच. हातमोजे घातलेल्या कर्मचाऱ्याने वाकून नमस्कार केला आणि लांब काड्यांच्या दोन जोड्या पुढे केल्या.

"दोघांनी मिळून उचलायचं असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "एकट्याने नाही."

ओबासानने एक जोडी घेतली, दुसरी ऋषीला दिली. दोघांनी पहिला तुकडा धरला. तुकडा उचलला गेला आणि मडक्यापाशी येऊन ओबासान थांबली.

"ऋषी-सान," ती म्हणाली. "हा रविवारी जाणार होता."

ऋषीने वर पाहिलं.

"सायकल आणायला. रविवारी जाईन म्हणत होता, शुक्रवारी त्याचा गुडघा दुखत होता. मीच मागे लागले. म्हटलं, पोरगं बर्फातून चढ चढतंय आणि तुम्हाला रविवार सुचतोय? आजच जा. छत्रीसुद्धा मीच हातात दिली."

दोघांच्या काड्यांत तो तुकडा तसाच होता.

"तू स्वतःला दोष देतोस, ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं." तिचा आवाज कोरडा होता. "सांगितलं असतं तर तू गेला असतास. खोली रिकामी झाली असती. मला एकटीला... मला एकटीला जमलं नसतं. म्हणून मी तुला त्या ओझ्याखाली राहू दिलं. मी वाईट बाई आहे."

अक्षयाच्या अंगातून संतापाची एक लाट गेली. साडेतीन वर्षं! गडावरचा तो पाऊस! पण समोर एक म्हातारी आपल्या नवऱ्याचा तुकडा काड्यांत धरून उभी होती, आणि तो पडू नये म्हणून ऋषी स्वतःचा हात घट्ट सावरत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. संताप आला तसा ओसरला. उरली ती नुसती कीव, तिघांचीही.

"ठेवू या, ओबासान," ऋषी म्हणाला. "दुखेल हात तुमचा."

त्यांनी तो तुकडा मडक्यात ठेवला. किंचित आवाज झाला. ऋषीने काड्या बाजूला ठेवून ओबासानपुढे मान लववली, खूप खाली, आणि बराच वेळ वर केली नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जपानी माणसं असं करत नाहीत. ती हे कुठे शिकली कोण जाणे, बहुधा त्याच्याकडूनच.

मग तिने आपल्या काड्या अक्षयाच्या हातात दिल्या.

"आता तुम्ही दोघं. त्या दिवशी मी हातावर मारलं होतं. आज मारणार नाही."

अक्षयाने काड्या घेतल्या. ऋषीने आपल्या उचलल्या. तुकडा खडूइतका हलका होता. एका बाजूने तिने धरला, दुसऱ्या बाजूने त्याने. तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे पाहत होता, सरळ, ओल्या डोळ्यांनी. ताटलीपासून मडक्यापर्यंतचं ते हातभर अंतर दोघांनी सावकाश पार केलं, एकमेकांचा वेग सांभाळत. आयुष्यात कधीही न पाहिलेल्या त्या माणसाला अक्षयाने मनातल्या मनात नमस्कार केला. त्याच्याशी भांडण नव्हतं आता तिचं.

*

घरी आल्यावर ओबासानने मडकं फोटोपुढे ठेवलं, भाताची वाटी बदलली, चहा केला आणि चहा ओतता ओतता नेहमीच्या ताठ आवाजात म्हणाली, "ऋषी-सान, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करा. मला नवा विद्यार्थी ठेवायचाय."

"ओबासान, पण तुम्ही एकट्या..."

"मी एकटी कुठे आहे? हा आलाय ना." तिने देव्हाऱ्याकडे मान हलवली. "ओसाकाला चांगल्या प्रयोगशाळा आहेत म्हणे. वर्षातून एकदा या, अळकुड्यांच्या दिवसांत. आणि तुम्ही, अक्षया-सान, तो आंबट काळा पदार्थ पाठवत जा. संपत आलाय."

दोघं बसस्टॉपवर आले. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. बाकाशेजारी विद्यार्थ्यांच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. ऋषीने त्यांतल्या एकीच्या सीटवर हात ठेवला, वरचं पाणी निपटलं.

"ओसाकात... जुन्या सायकली मिळतात का गं?"

"मिळत असतील. कशाला?"

"चालवायला. विसरलो असेन मी. तुला मागून धरावं लागेल."

"आणि मी कुठे बसू? कॅरिअरवर?"

"इथे डबलसीट चालत नाही. पोलीस पकडतात."

"मग रे?"

"मग..." त्याने तिचा हात धरला. यावेळी त्याने धरला, आणि घट्ट धरला. "मग दोन घेऊ."

बस आली आणि गेली. दोघांपैकी कोणी चढलं नाही. वळणावरच्या घराची वरची खिडकी उघडली. ऋषीची गादी कठड्यावर टाकून ओबासान ती झोडपत होती, पुढच्या विद्यार्थ्यासाठी. धूळ केव्हाच निघून गेली होती, तरी ती झोडपतच राहिली.